आधी नळी, मग औषध

त्या सोमवारी मी ८० मिलीग्रॅम बीसीजी हायपोच्या, म्हणजे जंतू मारायच्या ब्लीचच्या, बादलीत ओतली. दोन वायल. पेशंटच्या मुलाने पुण्यापर्यंत जाऊन मिळवल्या होत्या आणि थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून, तो डबा मांडीवर धरून एसटीने आणल्या होत्या. माल कधी येईल ते आमच्या मेडिकलवाल्यालाच ठाऊक नव्हतं. बीसीजीची ओढाताण नवीन नाही. ती जगभर अधूनमधून होतेच, कारण बनवणारे मोजके आणि त्यातले जिवंत जंतू वाढतात त्यांच्या गतीने.

मी युरॉलॉजीच्या डे-केअरला सिस्टर आहे. कोल्हापूरकडचं ट्रस्टचं हॉस्पिटल, नाव सांगत नाही. मूत्राशयाचा कॅन्सर आतल्या अस्तरापुरता असेल तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात, जखम भरायला दोन-तीन आठवडे देतात आणि मग नळीने मूत्राशयात बीसीजी सोडतात. हो, तीच, आपल्या दंडावर वण ठेवणारी. गाईगुरांच्या क्षयाचा जंतू. काल्मेट आणि गेरां या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी बैलाच्या पित्तात भिजवलेल्या बटाट्याच्या फोडींवर तो १३ वर्षं, २३० वेळा पुन्हापुन्हा वाढवला आणि त्याची नांगी मोडली. नवजात बाळाला त्याचे ०.०५ मिली टोचतात. आमच्याकडे एका वेळी जातं त्यात हजारावर बाळांची लस निघेल.

व्हॉट्सअॅपवर फिरतं तसं हे जंतू कॅन्सर ‘खात’ नाहीत. ते अस्तराला चिकटतात, शरीर चवताळून तिथे पांढऱ्या पेशी धाडतं आणि त्या धुमश्चक्रीत उरल्यासुरल्या कॅन्सरपेशीही मारल्या जातात. जळजळ आणि बारीक ताप ही त्याचीच खूण. हे न समजल्यामुळे गावाकडचे डॉक्टर जळजळीवर सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहून देतात, आणि ते क्षयाच्या जंतूलाही लागू पडतं. म्हणजे सोमवारी आम्ही जंतू सोडायचे आणि मंगळवारी यांनी मारायचे! म्हणून मी दर वेळी पेशंटला गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला लावते.

तर त्या सोमवारचे पेशंट म्हणजे हे मामा. इचलकरंजीत एका प्रोसेसमध्ये कापड रंगवण्यात तीस वर्षं काढलेली, जोडीला बिडी. जुन्या काही रंगांतल्या रसायनांनी मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे सिद्ध आहे, तंबाखूने तर होतोच. यांना कशाने झाला ते कोण सांगणार. न दुखता लघवीतून रक्त गेलं, तेव्हा ‘उष्णता असेल’ म्हणून चार महिने सब्जा पीत बसले. रिपोर्ट हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक जातीचा, पण स्नायूपर्यंत पोचलेला नव्हता. आठवड्याला एक असे सहा डोस ठरले. पहिले दोन सुरळीत झाले होते.

सहाच का, असं मुलाने पहिल्या दिवशी विचारलं होतं. मी आमच्या सरांकडून ऐकलेलं सांगितलं. १९७६ साली कॅनडाच्या मोरालेस नावाच्या डॉक्टरांनी नऊ पेशंटवरचा अनुभव छापला. त्यांना मिळणाऱ्या बीसीजीच्या खोक्यात सहा वायल यायच्या, म्हणून सहा आठवडे. त्रास आठवड्याच्या आत ओसरायचा, म्हणून आठवड्याला एक. पोरगा हसला. म्हणाला, “बरं झालं, डझनाचं खोकं नव्हतं.”

आता कालवण्याबद्दल. या एका कामाचा मला माज आहे, कबूल करते. वेगळा ओटा, कारण ज्या ओट्यावर दुसऱ्यांची इंजेक्शनं भरतात तिथे हे जंतू सांडलेले चालत नाहीत. गाऊन, दुहेरी ग्लोव्हज, एन-९५. खिडकीचा पडदा ओढायचा, ऊन नको. वायलमध्ये एनएस, म्हणजे सलाइनचं पाणी, भिंतीच्या कडेने सोडायचं आणि हलवायचं नाही, खुळखुळवायचं तर मुळीच नाही. हातात धरून गरगर फिरवायचं, ताकात पीठ मोडतात तितक्या सबुरीने. गुठळी राहिली की डोस गेला आणि फेस झाला तरी गेला. मग सगळं मिळून ५० मिली. नव्या मुली वायल कफ सिरपसारखी हलवतात तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

त्या दिवशी लिस्टवर अकरा नावं होती. रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, छत्तीस तासांचा जागा. पोरगा चांगला आहे, पण झोप नसली की हात जड होतो. मी नेहमीसारखं औषध आधी कालवून, झाकून ट्रेमध्ये ठेवलं होतं. डॉक्टर आले की थांबायला नको. कित्येक वर्षांची सवय, आणि ‘सिस्टरचं सगळं तयार असतं’ हे ऐकायचीही सवय.

मामांची प्रोस्टेट मोठी. ८ नंबरची फीडिंग ट्यूब आत जाताना अडली. रेसिडेंटने थोडी मागे घेतली, पुन्हा रेटली. मामांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. ट्यूब गेली, पण आतून आलं ते लाल. गुलाबी असतं तर वाद घालायला जागा होती. हे चक्क लाल.

“ओल्ड ब्लड असेल,” तो म्हणाला. “कालवलंय ना? सोडू या. एवढ्या लांबून आणलंय त्यांनी.”

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. सिरिंज हातात होती. पण रक्त म्हणजे आत कुठेतरी कातडं फाटलेलं, आणि त्या वाटेने जिवंत जंतू रक्तात गेले तर आपणच माणसाला क्षय टोचल्यासारखं होतं. एकदा असा पेशंट पाहिलाय. रात्री थंडी वाजून १०४ ताप, बीपी खाली, शेवटी टीबीच्या गोळ्या. त्यातही पायराझिनामाइड हे टीबीचं नेहमीचं औषध या जंतूला चालतच नाही. मी म्हटलं, “नाही डॉक्टर. सरांना फोन लावा.” सर म्हणाले, आज रद्द, पुन्हा दोन आठवड्यांनी.

कालवलेलं औषध दोनेक तासांत वापरायचं असतं. पुन्हा फ्रीजमध्ये ठेवणं नाही, दुसऱ्याला देणं नाही, त्या दिवशी दुसरा बीसीजीवाला नव्हताही. हायपोत ओतलं, वायल पिवळ्या बॅगेत. मुलाला बाहेर जाऊन सांगितलं. त्याने रिकामा थर्माकोलचा डबा उचलला आणि झाकण नीट लावत बसला.

नंतर सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. ‘सिस्टर ठाम राहिल्या म्हणून वाचलो.’ रेसिडेंटही चहा घेऊन आला, मनापासून. मी मान डोलावली. नळी नीट गेल्यावर कालवलं असतं तर दोन्ही सीलबंद वायल फ्रीजमध्ये परत गेल्या असत्या, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. फाइलमध्ये मी लिहिलं, ‘ट्रॉमॅटिक कॅथेटरायझेशन, बीसीजी दिले नाही.’ म्हणजे नळी घालताना इजा झाली. एकही शब्द खोटा नाही.

मामा परत आले ते दोन नाही, तीन आठवड्यांनी. वायल मिळेपर्यंत तेवढे लागले. लघवीचा रिपोर्ट साफ होता. टेबलावर चढता चढता म्हणाले, “सिस्टर, एक इचारू का? रागावू नगा. मागल्या येळी औषध आधीच कालवलं हुतं न्हवं?”

मी हो म्हटलं.

“आमच्यात कापडाची कांजी निघाली का बघितल्याबिगर रंग कालवत न्हवते. रंग वाया गेला तर शेठ पगारातनं कापायचा.”

बोलण्यात टोचणी नव्हती. एका कारागिराने दुसऱ्याला सांगावं तसं सांगितलं आणि आडवे झाले. त्या दिवशी सरांनी स्वतः ट्यूब घातली, बधिर करणारी झायलोकेन जेली पाच मिनिटं थांबू दिली. पिवळी, स्वच्छ लघवी आली. ती मी सगळी काढून घेतली आणि मगच वायलचं सील तोडलं. सर घड्याळाकडे बघत उभे राहिले, काही बोलले नाहीत. मग दोन तास मामा कूस बदलत पडून, आणि घरी संडासात ब्लीच ओतायची तीच सूचना.

सहा डोस झाले. तीन महिन्यांच्या चेक सिस्टोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, काही दिसलं नाही. आता मेंटेनन्सचे डोस आहेत, म्हणजे पुन्हा तो थर्माकोलचा डबा.

आमच्या बीसीजी फॉर्मवर पेशंटचं वजन आहे, बॅच नंबर आहे, ट्यूब घातल्याची वेळ आहे, औषध सोडल्याची वेळ आहे. कालवल्याची वेळ लिहायला रकाना नाही. मी समासात पेनाने रेघ मारून तो काढते. झेरॉक्सचा नवा गठ्ठा आला की फॉर्म पुन्हा कोरे असतात, आणि मी पुन्हा रेघा मारत बसते.