बक्षिसातून निघालेलं बक्षीस

बक्षिसाच्या पैशाचं काय करायचं, हा प्रश्न लेखकांना फारसा पडत नसावा. बहुतेकांच्या बाबतीत तो पैसा हातात येण्याआधीच खर्ची पडलेला असतो. कुणाचं जुनं कर्ज, कुणाचं गळकं छप्पर, कुणाच्या मुलीची फी. उरलेच तर कधीची घ्यायची राहिलेली खुर्ची. यात गैर काहीच नाही. वर्षानुवर्षं शब्दांवर संसार ओढलेल्या माणसाने चार दिवस बाजारात ताठ मानेने फिरावं, असंच कुणालाही वाटेल.

म्हणून तार्येई वेसोस या नॉर्वेजियन लेखकाने १९६४ साली जे केलं, ते वाचून मी जरा चमकले. त्या वर्षी त्यांच्या ‘बर्फाचा महाल’ या कादंबरीला नॉर्डिक कौन्सिलचं, म्हणजे उत्तर युरोपातल्या देशांच्या सामाईक परिषदेचं, साहित्याचं पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक तेव्हा अगदी नवं होतं. १९६२ साली ते सुरू झालं, पहिलं स्वीडनच्या आइविंड युन्सनना, दुसरं फिनलंडच्या वाइनो लिन्नांना आणि तिसरं यांना. वेसोस तेव्हा ६६ वर्षांचे होते. चाळीस वर्षं लिहून झालेलं, नाव झालेलं. आणि त्या पैशातून त्यांनी आणखी एक पारितोषिक उभं केलं: वर्षातल्या सर्वोत्तम पहिल्या पुस्तकासाठी. ज्याचं अजून काहीच झालेलं नाही, अशा माणसासाठी. त्याच वर्षापासून ते दिलं जाऊ लागलं, आजही दिलं जातं. निवड नॉर्वेच्या लेखक संघाचं साहित्य मंडळ करतं, म्हणजे नवशिक्याला लेखकांच्या पंगतीत बसवायचं काम लेखकच करतात.

माझ्या मनात आधी आला तो अगदी घरगुती प्रश्न. घरी विचारलं होतं का? त्यांची बायको हाल्दिस मूरेन वेसोस स्वतः नावाजलेली कवयित्री होती. तिचा पहिला संग्रह १९२९चा, लग्न १९३४चं, दोन मुलं. दोन लेखकांच्या घरात पैसा कसा येतो आणि कसा जातो, हे तिला सांगायला नको. पहिलं पुस्तक हातात धरून लोक काय म्हणतील याची वाट बघणं काय असतं, हेही तिला सांगायला नको. त्यामुळे तिने फार विरोध केला नसावा, असं मी आपलं धरून चालते.

वेसोस टेलेमार्क भागातल्या विन्ये गावचे. शेतकऱ्याचे थोरले चिरंजीव. नॉर्वेत पिढ्यान्पिढ्या शेत आणि घर थोरल्याकडे जायचं. तो हक्क कायद्याने दिलेला असला, तरी गावात तो कर्तव्य म्हणूनच ओळखला जाई. यांनी ते शेत घेतलं नाही, लिहायचं ठरवलं. त्याची बोच त्यांना आयुष्यभर राहिली, असं त्यांच्याविषयी लिहिणारे सगळेच सांगतात. पुढे ते विन्येतच राहिले, दुसऱ्या घरात. त्यांच्या कादंबऱ्यांत शेतं, जंगल, तळी आणि फार न बोलणारी माणसं आहेत. ‘बर्फाचा महाल’मध्ये अकरा वर्षांच्या दोन मुली आहेत, नुकती ओळख झालेल्या. त्यातली एक शाळा चुकवून गोठलेला धबधबा बघायला जाते आणि बर्फाच्या दालनांतून आत आत जात राहते. एवढीच गोष्ट. गोठलेलं पाणी मी ऑस्लोला राहायला आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. त्यामुळे ते पुस्तक वाचताना मला इथल्या लोकांपेक्षा जास्तच थंडी वाजली असेल.

वेसोस न्यूनोश्कमध्ये लिहीत, आणि मला खरं नवल वाटतं ते इथेच. नॉर्वेजियन भाषेची लिखित रूपं दोन आहेत. एक बूकमोल, जे शहरांत आणि बहुतेक वर्तमानपत्रांत चालतं आणि आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना वर्गात तेच शिकवतात. दुसरं न्यूनोश्क. एकोणिसाव्या शतकात ईवार ओसेन नावाच्या, स्वतःच शिकलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने गावोगाव पायपीट करून बोली गोळा केल्या, त्यांचं व्याकरण आणि शब्दकोश तयार केला, त्यातून ते आलं. १८८५ साली संसदेने दोन्हींना सारखा दर्जा दिला. दर्जा सारखा, संख्या नव्हे. आज शाळेत दहातली जेमतेम एक-दोन मुलं न्यूनोश्कमधून शिकतात. अशा कमी लोकांच्या भाषारूपात सगळं आयुष्य घालवलेल्या लेखकाने पारितोषिक काढताना ते आपल्याच भाषेच्या पोरांसाठी राखून ठेवलं असतं, तर कुणी नाव ठेवलं नसतं. न्यूनोश्कसाठी वेगळी पारितोषिकं तिथे आहेतच, आणि ती हवीतही. वेसोसांनी मात्र दार दोन्हींना उघडं ठेवलं. गेली साठ वर्षं त्यांच्या नावाचं बक्षीस बहुतेक वेळा बूकमोलमध्ये लिहिणारेच घेऊन जातात, आणि त्याबद्दल कुणी कुरकुर केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

मला पारितोषिकांच्या याद्या वाचायची सवय आहे. काही लोक रेल्वेची वेळापत्रकं वाचतात, तसंच. नोबेलची यादी वाचून मात्र काही हाती लागत नाही. तिथे सगळे पोहोचलेले असतात. नॉर्वेच्याच यून फॉसेंना नोबेल मिळालं २०२३ साली, त्यांचं पहिलं पुस्तक १९८३चं. मधल्या चाळीस वर्षांत जगभरच्या रंगभूमीवर त्यांची नाटकं होऊन गेली होती. स्टॉकहोमच्या त्या पदकाने फॉसे पुढे लिहितील की नाही, हे ठरणार नव्हतं. पहिल्या पुस्तकाचं पारितोषिक म्हणजे बारशाला बाळाच्या मुठीत ठेवलेली नोट. बाळ पुढे काय करेल, हे देणाऱ्याला माहीत नसतं. म्हणून वेसोस पारितोषिकाची यादी वाचायला मजा येते. त्यातली काही नावं आज नॉर्वेतल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहेत आणि काही नावं ग्रंथपालालाही यंत्रात शोधावी लागतात.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ साली, ते यान एरिक वोल्ड या कवीला मिळालं. तेव्हा तो पंचविशीत होता. पुढे त्याने नॉर्वेजियन कवितेचा कोटच उतरवून ठेवला. ऑस्लोच्या रस्त्यांवर, ट्रामवर, साध्या पांढऱ्या पावाच्या लादीवरसुद्धा कविता लिहिल्या आणि जॅझ वाजवणाऱ्यांबरोबर उभं राहून त्या वाचल्या. बक्षिसाच्या वेळी मंडळाला हे दिसलं असेल का? मला वाटत नाही. त्यांना एक तरुण आणि एक पातळसं पुस्तक दिसलं.

१९७६ साली लार्स सोब्यू क्रिस्टेन्सेन, वय तेवीस. मी यांच्याकडे उलट्या वाटेने गेले. आधी ‘सावत्र भाऊ’ ही त्यांची जाडजूड कादंबरी, जिला २००२ साली नॉर्डिक कौन्सिलचं पारितोषिक मिळालं, म्हणजे वेसोसांना मिळालं होतं तेच. मग कधीतरी कळलं की गृहस्थाची सुरुवात कवितासंग्रहाने झाली, आणि वेसोसांच्या त्या पैशांतला वाटा त्यांनाही मिळाला होता. एका बक्षिसाच्या पोटातून दुसरं निघालं आणि ते घेणारा फिरून पहिल्यापाशी पोहोचला. असं काही जुळून आलं की यादी वाचणाऱ्याला दिवसभर उगाचच बरं वाटतं.

पहिलं पुस्तक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विस्कटलेल्या केसांचा तरुण येतो. १९७९ साली ज्यांना हे मिळालं त्या हान्स हेर्ब्यर्न्सरूद यांचा जन्म १९३८चा. म्हणजे चाळिशी ओलांडून नवोदित! टेलेमार्कमधल्याच हेद्दालचे, शेती सांभाळणारे. त्यांनी जन्मभर कथाच लिहिल्या आणि त्याही मोजक्या. कादंबरी कधी, असं त्यांना किती जणांनी विचारलं असेल, याचा अंदाज कुठल्याही कथाकाराला करता येईल.

आणि मग ऑस्लोची ईशान्य बाजू. ग्रोरुदालेन म्हणजे महायुद्धानंतर उंच इमारती उभ्या राहिल्या ती दरी. आधी तिथे नॉर्वेजियन कामगार कुटुंबं आली, नंतर पाकिस्तान, श्रीलंका, सोमालिया आणि जगाच्या इतर कोपऱ्यांतून आलेली. १९८२ साली पारितोषिक मिळालेले रॉय याकोबसेन याच दरीत वाढले. त्यांचं पहिलं पुस्तक कथांचं. पुढे ते कादंबऱ्यांकडे वळले, आणि उत्तरेकडच्या एका बेटावर राहणाऱ्या कुटुंबाची त्यांची कादंबरी २०१७ साली मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पारितोषिकाच्या अंतिम यादीत पोहोचली. त्याच २०१७ साली वेसोस पारितोषिक मिळालं झीशान शाकर यांना. ते याच दरीतल्या स्तोव्नरचे, वडील पाकिस्तानातून आलेले. आणि शाकर यांचं जन्मसाल? १९८२. हा निव्वळ योगायोग आहे, यातून काही सिद्ध होत नाही, तरी मी तो भेटेल त्याला सांगत सुटले.

शाकर यांची कादंबरी स्तोव्नरमधल्या एका खऱ्या रस्त्याच्या नावाची आहे. त्यात दोन मुलगे आहेत. संशोधनासाठी दोघांनी आपल्या रोजच्या आयुष्याबद्दल सांगायचं ठरतं. मो अभ्यासू, तो शुद्ध, नीटनेटक्या भाषेत ईमेल लिहितो. जमाल लिहायच्या भानगडीत पडत नाही, तो ध्वनिमुद्रकात बोलतो, आणि त्याच्या नॉर्वेजियनमध्ये दरीतल्या इमारतींच्या जिन्यांवर ऐकू येणारे सगळे शब्द येतात. मी ते पुस्तक शब्दकोश जवळ ठेवून वाचायला घेतलं. मोच्या पानांना शब्दकोश कामाला आला. जमालच्या पानांना तो निरुपयोगी होता, पण मोठ्याने वाचलं की कळायचं. मेट्रोच्या पाच नंबरच्या गाडीत मागच्या बाकावर बसणारी पोरं असंच तर बोलतात! आपल्याला कळत नाही असं वाटणारं बरंच काही आपण आधीच ऐकलेलं असतं. शाकर यांचं शिक्षण राज्यशास्त्राचं, नोकरी सरकारी. दुसऱ्या कादंबरीत त्यांनी उपनगरातल्या एका पोराला मंत्रालयात नोकरीला लावलं आहे, त्यामुळे कार्यालयातल्या बैठकांचं वर्णन फार खात्रीने येतं. सरकारी चहापानाचा कंटाळा अनुभव असल्याशिवाय असा लिहिता येत नाही.

मंडळाच्या हातून निसटलेले? आहेत की. फॉसेंच्या पहिल्या कादंबरीला हे मिळालं नाही. पुढे जगभर गाजलेल्या कार्ल ओवे क्नाउसगोर यांच्या पहिल्या कादंबरीलाही नाही. १९९८ साली समीक्षकांनी मात्र तिला आपलं पारितोषिक दिलं, आणि त्याआधी कुणाच्याही पहिल्या पुस्तकाला त्यांनी ते दिलेलं नव्हतं. माझी एक मैत्रीण या मुद्द्यावर हटकून भांडते: नोबेलवाला सुटला, मग त्या पारितोषिकाची किंमत काय? मला हे म्हणणं पटत नाही. हे पारितोषिक भविष्य सांगायला काढलेलंच नाही. त्या वर्षी आलेल्या पुस्तकांतलं एक चांगलं पुस्तक निवडायचं, एवढंच त्यांचं काम. आणि जो सुटला त्याने तरी लिहायचं थांबवलं कुठे?

ते थांबत नाहीत, याचं आणखी एक कारण आहे, आणि ते जरा कमी काव्यात्म आहे. वेसोसांनी पारितोषिक काढलं त्याच्या पुढच्या वर्षी, १९६५ साली, नॉर्वेत सांस्कृतिक परिषद स्थापन झाली आणि तिने नव्या ललित पुस्तकांच्या प्रती सरकारी खर्चाने विकत घेऊन देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांत वाटायला सुरुवात केली. सुरुवातीला एका पुस्तकाच्या हजारभर प्रती. साऱ्या देशाची लोकसंख्या आजही साधारण ५५ लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढी. तिथे एखाद्या अनोळखी पोराचा कवितासंग्रह बाजाराच्या जिवावर किती खपणार? पण तो उत्तरेकडच्या मासेमारीच्या गावातल्या ग्रंथालयातही पोहोचतो, आणि प्रकाशकाला तो छापायची हिंमत होते. बक्षीस एकालाच मिळतं. ही खरेदी बाकीच्या कितीतरी जणांना निदान उभं राहायला जागा देते. मला निवड करायला सांगितली असती, तर मी गुपचूप या योजनेलाच मत दिलं असतं. पण योजनेची यादी वाचायला मजा येत नाही हे कबूल.

मैत्रिणीचा दुसरा मुद्दा असा की इतक्या लवकर मिळालेल्या कौतुकाने माणूस बिघडतो, दुसरं पुस्तक लिहिताना त्याचा हात कापतो. असेलही. पण नामसोसच्या कार्ल फ्रोदे टिलरना २००१ साली हे मिळालं, आणि सहा वर्षांनी आलेल्या त्यांच्या कादंबरीने ब्रागे हे नॉर्वेतलं मानाचं साहित्य पारितोषिक मिळवलं. तेही न्यूनोश्कमध्ये लिहिणारे, वेसोसांच्या वाटेवरचे. आणि यिने कोर्नेलिया पेडेरसेन हिचं उदाहरण तर मी मुद्दाम शेवटी राखून ठेवते. तिच्या पहिल्या कादंबरीला २०१३ साली हे पारितोषिक मिळालं. ती अभिनेत्रीही आहे. दोनेक वर्षांनी नॉर्वेच्या सरकारी वाहिनीवर ऑस्लोतल्या तीन तरुणींची एक मालिका आली आणि घराघरात बघितली गेली. त्यात तिला भूमिका मिळाली ती लेखिका होण्यासाठी धडपडणाऱ्या, अजून काहीच न जमलेल्या मुलीची. देशातलं पहिल्या पुस्तकाचं सर्वांत मानाचं बक्षीस पदरात असताना तिने ती भूमिका केली, आणि इतकी खरी केली की माझ्या मैत्रिणीला तिची दया येऊन तिचं पुस्तक छापायला हवं, असं वाटत राहिलं. ते केव्हाच छापून झालंय आणि त्याला बक्षीसही मिळालंय, हे मी तिला मालिकेचा हंगाम संपल्यावरच सांगितलं.