जरी-तरी आणि ऑल्दो

नववीतल्या माझ्या इंग्रजीच्या वहीचं एक पान मला अजून जसंच्या तसं दिसतं. 'ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वेंट ऑन वर्किंग' असं मी लिहिलं होतं. बाईंनी लाल शाईनं 'बट'वर आडवी रेघ मारली होती आणि समासात मराठीत लिहिलं होतं, 'हा आपला तरी. इथे नको.' फुली नव्हती, 'चूक' असा शेराही नव्हता. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा सगळ्यात आधी आठवली ती समासातली ही ओळ.

त्या दिवशी वह्या वाटून झाल्यावर बाईंनी फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे आम्ही सांगू तशा जोड्या लिहिल्या: जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसा-तसा, जर-तर, जरी-तरी. उजवीकडे व्हेन, व्हेअर, ॲज, इफ, ऑल्दो. एका बाजूला जोड्या, दुसऱ्या बाजूला एकेकटे शब्द. मग त्यांनी विचारलं, "आपण बोलताना या जोडीतले दोन्ही शब्द म्हणतो का रे?" आम्ही वाक्यं बोलून बघितली. 'वेळ मिळाला तर येईन.' 'दमला होता तरी काम करत राहिला.' 'जर' गळाला, 'जरी' गळाला, पण 'तर' आणि 'तरी' काही केल्या निघेनात. इंग्रजीत नेमकं उलटं. 'देन' असला काय, नसला काय. 'इफ' काढला की वाक्य कोसळतं. मराठी जोडीतला दुसरा शब्द धरून ठेवते, इंग्रजी पहिला. (वरच्या परिच्छेदात मीही 'पत्र आलं तेव्हा' असंच लिहिलं आहे. 'जेव्हा' लिहायचं मनातसुद्धा आलं नाही.)

माझी चूक कुठून येत होती ते मला त्या तासाला दिसलं. वाक्याच्या मध्यावर पोचलो की मनातला 'तरी' आपली जागा मागायचा, आणि त्याच्यासारखं हाताशी जे सापडेल ते, म्हणजे 'बट', मी तिथे बसवायचो. 'बिकॉज'नं सुरू केलेल्या वाक्यात मध्येच 'सो' यायचा, त्याचंही हेच कारण. आम्ही नियम पाठ करत नव्हतो म्हणून चुकत होतो असं नव्हतं. आमची भाषा आमच्याकडून ते लिहून घेत होती. हे समजल्यावर ती चूक माझ्या हातून पुन्हा फारशी झाली नाही.

मग एकीनं विचारलं, की पुस्तकात 'ऑल्दो' आणि 'यट' एकाच वाक्यात असतात, ते कसे चालतात? बाईंना प्रश्न आवडला. 'बट' बरोबरीच्या दोन वाक्यांना जोडतो. 'ऑल्दो'नं तर त्यातल्या एकाला आधीच गौण करून टाकलेलं असतं. म्हणजे एकाच सांध्याला दोन कड्या झाल्या. 'यट' मात्र तिथे जोडायचं काम करतच नाही. तो क्रियाविशेषण होऊन बसतो आणि विरोधाला जोर देतो.

काळाचं कोडंही त्यांनी असंच मराठीतून सोडवलं. 'पाऊस थांबला तर आपण निघू' म्हणताना पाऊस अजून थांबलेला नसतो, तरी आपण 'थांबला' असं भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ घेते: 'इफ द रेन स्टॉप्स, वी विल लीव्ह.' 'विल' फक्त प्रधान वाक्यात.

'नो सूनर'वर मात्र बाईंनी दोन तास घालवले, आणि ते तास मला फार मोलाचे वाटतात. परीक्षेत 'ॲज सून ॲज' काढून 'नो सूनर' घालायला सांगत. आम्ही सूत्र घोकलेलं होतं: 'डिड' घ्या, क्रियापदाचं पहिलं रूप लिहा, मध्ये 'दॅन' टाका. 'नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.' वाक्य बरोबर यायचं, पण ते कुणाचं बोलणं वाटायचं नाही. बाईंनी 'घंटा वाजताच मुलं बाहेर धावली' हे वाक्य पुसलं आणि त्या जागी लिहिलं, 'घंटा वाजते न वाजते तोच मुलं बाहेर धावली.' मग खडूनं 'न'भोवती गोल केला आणि 'तोच'भोवती दुसरा. आपल्याकडेही नकार आहे आणि त्याची वाट बघणारा जोडीदारही आहे. वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही.

पुढचं सगळं त्या दोन गोलांतून उलगडत गेलं. 'सूनर' म्हणजे 'अधिक लवकर'. ही तुलना आहे, आणि इंग्रजीत तुलनेमागे 'दॅन'च येतो. 'हार्डली' आणि 'स्केअरसली' यांच्यात तुलना नाही, 'जेमतेम' एवढाच अर्थ आहे, म्हणून त्यांच्यासोबत 'व्हेन': 'हार्डली हॅड द बेल रंग व्हेन द चिल्ड्रन रॅन आउट.' आणि नकाराच्या अर्थाचं क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आलं, की सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे जातं. 'नेव्हर हॅव आय सीन', 'सेल्डम डज ही स्पीक' ही त्याच घरातली वाक्यं. 'डिड' तिथे का येतो हा प्रश्न मग उरलाच नाही.

गेली बावीस वर्षं मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणतो. या कामात सगळ्यात जपून हाताळावा लागणारा शब्द म्हणजे 'अंटिल'. आपण म्हणतो, 'मी येत नाही तोपर्यंत थांब.' इंग्रजी म्हणते, 'वेट अंटिल आय कम.' आपल्या वाक्यात 'नाही' आहे, त्यांच्या वाक्यात नाही. म्हणून शाळेत आम्ही सर्रास 'अंटिल आय डोन्ट कम' लिहायचो. बाईंनी त्यावर सांगितलेली युक्ती मी आजही वापरतो: आधी मनात 'मी येईपर्यंत थांब' असं म्हणायचं. अर्थ तोच, पण 'नाही' गेलेला, आणि इंग्रजीचा सांगाडा तयार. उलट दिशेनं येतानाही तेच. दाब उतरल्याशिवाय झडप उघडू नका, अशी सूचना इंग्रजीत 'अंटिल'नं येते. एकदा माझ्याच मसुद्यात 'दाब उतरत नाही तोपर्यंत'मधला 'नाही' टंकताना सुटला होता. छपाईआधीच्या शेवटच्या वाचनात तो सापडला. त्या वाक्यावर एका माणसाचा हात अवलंबून होता. तेव्हापासून मी तिथे 'दाब उतरेपर्यंत' असंच लिहितो. सुटायला 'नाही' उरतच नाही. 'अनलेस'लाही मी असाच जपतो, कारण त्याच्या पोटात नकार आधीच असतो.

कामाच्या निमित्तानं पुढे जुन्या इंग्रजीबद्दल थोडं वाचलं. सुमारे 1000 वर्षांपूर्वीच्या त्या भाषेत 'जेव्हा' आणि 'तेव्हा' या दोन्हींसाठी 'था' हा एकच शब्द होता आणि तो वाक्याच्या दोन्ही भागांत यायचा. 'तेव्हा'चा भाग कोणता हे बहुधा क्रियापदाच्या जागेवरून कळायचं: तिथे ते कर्त्याच्या आधी यायचं. म्हणजे इंग्रजीलाही एके काळी जोड्या होत्या, आणि 'नो सूनर डिड'मधला उलटा क्रम त्याच जुन्या सवयीचा अवशेष आहे. बाईंना हे सांगायला हवं होतं, असं वाचताना फार वाटलं.

कारण दहावीत मी त्यांना एक प्रश्न विचारला होता. 'द मोअर यू रीड, द मोअर यू नो' या वाक्यात 'मोअर'च्या आधी 'द' कशाला? तो तर नामाआधी येतो ना? बाई थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. बघून सांगते." शिक्षकांच्या तोंडून हे शब्द मी तोवर ऐकले नव्हते. चौथ्या दिवशी त्या एक जाडजूड शब्दकोश घेऊन वर्गात आल्या, मला पुढे बोलावलं आणि ती नोंद मलाच मोठ्यानं वाचायला लावली. हा 'द' नेहमीचा नव्हताच. शब्दकोशात त्याची नोंद वेगळी होती आणि तिथे त्याला क्रियाविशेषण म्हटलं होतं. जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाच्या तृतीयेसारख्या एका रूपातून तो आला होता. अर्थ साधारण 'तितक्यानं'.

बाईंनी फळ्यावर पुन्हा मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं 'जितकं-तितकं'. उजवीकडे लिहिलं 'द-द'. या वेळी जोडी दोन्ही बाजूंना होती.