गाडी आली नव्हती

आषाढी एकादशीच्या आदल्या संध्याकाळी माशेलला घरी पोचले, तर आजी ओसरीवर फोन हातात घेऊनच बसलेली. "बाय, हे वाच गो. जपानच्या एका माणसाला उपासाचं नोबेल मिळालं. पोट रिकामं ठेवलं की पेशी आतला सगळा कचरा खाऊन टाकतात. उद्या मी निर्जळीच करते."

आजी ऐंशीच्या पुढची. रोज सकाळी साखरेची गोळी घेते, आणि ती गोळी घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर एकदम उतरते. माझ्या छातीत धस्स झालं. ज्या ऑटोफॅजीचं, म्हणजे पेशीने आपलंच सामान खाऊन टाकण्याचं, नाव घेऊन तो संदेश घरोघर फिरतोय, तिच्यावरच मी सात वर्षं काम करते आहे.

तो माणूस म्हणजे योशिनोरी ओसुमी. त्यांना २०१६ साली नोबेल मिळालं ते यीस्टवरच्या कामासाठी. आपल्याकडे सूर, म्हणजे माडी, घालून इडलीसारखी सान्नां फुगवतात, ती करामत यीस्टचीच. ओसुमींनी असं यीस्ट घेतलं ज्याच्या रिक्तिकेतली, म्हणजे पेशीच्या पचनाच्या कोठीतली, पचवणारी विकरं निकामी होती. मग त्याला नत्र नसलेल्या पाण्यात उपाशी ठेवलं. कोठीत माल येत राहिला, पण पचेना. काही तासांत ती गोल गोल गोळ्यांनी इतकी भरली की साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसावं. हे १९९२ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी, ज्यांना ही क्रिया जमत नाही असं यीस्ट शोधून त्यांनी तिच्याशी निगडित १५ जनुकांचा माग लावला. ऑटोफॅजी हे नाव मात्र त्याच्याही आधीचं. बेल्जियन शास्त्रज्ञ ख्रिस्तियां द दूव यांनी ते १९६३ साली दिलं होतं: स्वतःलाच खाणं. आजीने एकादशीला किती तास पाणी प्यायचं नाही, याबद्दल त्या यीस्टने काही सांगितलेलं नाही.

ओसुमींच्या प्रयोगातली खुबी ही, की गोळ्या दिसल्या त्या पचन अडवल्यामुळे. पीएचडीच्या पहिल्याच वर्षी मी हे वाचलं होतं. तरी चुकले.

मी कर्करोगाच्या पेशींवर एक रसायन घालून बघत होते. पेशी मरत, आणि मरण्याआधी हिरव्या ठिपक्यांनी भरून जात. ऑटोफॅजीत पेशी आपलंच मोडकंतोडकं सामान दुहेरी आवरणाच्या पिशवीत बांधते. ती पिशवी मग लायसोसोमला, म्हणजे आपल्या पेशींतल्या पचनाच्या कोठीला, जाऊन मिळते आणि आतलं सगळं पचतं, सुटे झालेले तुकडे पुन्हा वापरले जातात. पिशवीच्या आवरणावर एलसी-३ नावाचं प्रथिन बसतं. त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं की पिशव्या ठिपक्यांसारख्या दिसतात. ठिपके वाढले म्हणजे ऑटोफॅजी वाढली, म्हणजे पेशी स्वतःला खाऊन मेली, असं मी दीड वर्ष मांडत राहिले. ती चित्रं सुंदर होती, आणि मला ती खरी वाटायला हवी होती.

एका बैठकीत सरांनी एवढंच विचारलं, "बॅफिलोमायसिन घालून पाहिलंस?"

त्या प्रश्नाचा अर्थ आजीला सांगायला मी तिच्याच दारातलं उदाहरण घेतलं. चवथीच्या आधी कोपऱ्यावर कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग दिसला, तर काय समजायचं? आजी क्षणभर थांबली नाही. "घरं झाडली असतील. नाहीतर पंचायतीची गाडी आली नसेल." अगदी हेच. ढिगाकडे नुसतं बघून दोन्हींतलं कुठलं ते कळत नाही. कळायला हवं तर गाडी आपणच अडवायची आणि ढीग आणखी वाढतो का ते पाहायचं. बॅफिलोमायसिन लायसोसोमचं काम थांबवतं, म्हणजेच गाडी अडवतं. (हिवतापात आजीने घेतलेलं क्लोरोक्विनही हेच करतं.) माझ्या पेशींत ते घातल्यावर एलसी-३ जराही वाढलं नाही. ऑटोफॅजीत पचून जाणारं पी-६२ हे प्रथिनही साठून राहिलेलं. म्हणजे माझ्या रसायनाने गाडी आधीच बंद पाडली होती. पेशी जास्त खाऊन मेल्या नव्हत्या. त्यांना स्वतःची साफसफाई करता आली नव्हती.

आणि मेल्या त्या अपॉप्टोसिसने, म्हणजे पेशी स्वतःच शिस्तीत आवरतं घेते त्या मरणाने. हे नाव १९७२ साली कर, वायली आणि करी या तिघांनी दिलं, झाडावरून पानं गळावीत त्यासाठीचा ग्रीक शब्द. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर पडतं, कॅस्पेझ नावाची विकरं जागी होतात, पेशी आक्रसते, आवरणात बांधलेले तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, सांडलवंड नाही. सी. एलेगन्स या इवल्या कृमीच्या वाढीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ अशा मरतात. कॅस्पेझ अडवल्यावर माझ्या पेशींचं मरणही बरंच कमी झालं.

मरणाऱ्या पेशीत या पिशव्या दिसल्या की तिला 'ऑटोफॅजीने मेली' म्हणायची रीत जुनी आहे, मी एकटीच तशी फसले नाही. पण जळत्या घरापाशी बंब उभा दिसला म्हणून आग बंबाने लावली असं कोणी म्हणत नाही. ऑटोफॅजी जास्त करून जगण्यासाठीच असते. याचा मला सगळ्यात पटणारा पुरावा उंदरांच्या पिल्लांचा आहे. नाळेतून येणारं अन्न जन्मताच तुटतं, आणि दूध अंगी लागेपर्यंतच्या त्या तासांत पिल्लाच्या पेशींतली ऑटोफॅजी एकदम वाढते. स्वतःचीच प्रथिनं मोडून ते तगून राहतं. २००४ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की ऑटोफॅजीला लागणारं एटीजी-५ हे जनुक नसलेली पिल्लं दिसायला जवळजवळ नेहमीसारखीच जन्मतात आणि एका दिवसाच्या आत मरतात.

हे सांगताना आजीने फोन केव्हाच बाजूला ठेवला होता. तिला पाच बाळंतपणं आठवत असणार. मी डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनी निर्जळी नको म्हणून तिला स्वतःच सांगितलं.

एकादशीला सकाळी तिने पूजा उरकली, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खाल्ली, गोळी घेतली. मग माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "त्या पिल्लांचं परत सांग. दूध मिळेपर्यंत किती वेळ निभावतं ते?"