वाढपी कोण, हे आधी ठरवा

पाहुणचाराच्या रीतीवरचं कुठलंही पुस्तक उघडलं की आधी एक गोष्ट शोधावी. या घरात वाढतंय कोण? काटा डावीकडे, सुरी उजवीकडे, सुरीची धार ताटाकडे, पेला सुरीच्या टोकाशी, बाहेरचा काटा-चमचा आधी आणि आतला नंतर, एवढं पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पण हे नियम ज्या घरासाठी लिहिले त्या घरात रांधणारं माणूस वेगळं, वाढणारं वेगळं आणि यजमानीणबाई पाहुण्यांसोबत बसलेल्या. एमिली पोस्ट यांचं अमेरिकेत गाजलेलं शिष्टाचाराचं पुस्तक १९२२ चं. त्यातल्या मेजवान्या नोकरमाणसं गृहीत धरून लिहिलेल्या. पुढे १९२७ च्या आवृत्तीत त्यांनी ‘मिसेस थ्री-इन-वन’ आणली. स्वयंपाक तिचाच, वाढपही तिचंच आणि हसतमुखानं गप्पा मारत बसायचं तेही तिनंच. कोल्हापुरात मटणाला पाहुणे बोलावणाऱ्या बहुतेक घरांत हीच बाई असते, म्हणून त्या जाडजूड पुस्तकातली तेवढी पानं आपल्या कामाची.

वाढणारा कोण हे कळलं की नियमामागचं कारणही दिसतं. परदेशी पुस्तकं सांगतात, पदार्थ पाहुण्याच्या डाव्या बाजूनं पुढे करा. का, तर पाहुणा स्वतःच्या उजव्या हातानं मोठ्या ताटलीतून वाढून घेतो आणि डावीकडून आणलं तर त्याचा हात सहज वळतो. आपल्याकडे पाहुणा वाढून घेत नाही, आपण वाढतो. आणि रश्शाची वाटी ताटाच्या उजव्या अंगाला असते. डावीकडून रस्सा वाढायला गेलं की वगराळं पाहुण्याच्या छातीसमोरून जातं आणि कट, म्हणजे रश्शावरचा तिखट तेलाचा तवंग, सांडला तर थेट पांढऱ्या शर्टावर. म्हणून टेबलावर जेवण असेल तर रस्सा उजवीकडून, भाकरी आणि भात डावीकडून. जमिनीवर पंगत असेल तर सगळं समोरून. नियम उलटा झाला, कारण मात्र तेच राहिलं.

मराठीतली पाकपुस्तकं दुसऱ्या टोकाला आहेत. १८७५ च्या ‘सूपशास्त्रा’पासून आजवर रांधण्यावर भरपूर लिहिलं गेलं, पण पदार्थ चुलीवरून उतरला की बहुतेक पुस्तकं थांबतात. वाढप हे पंगतीत बघून शिकायचं. शाकाहारी पंगतीचा नकाशा त्यामुळे सगळ्यांना पाठ आहे. केळीच्या पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे, मीठ वर मध्यभागी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाज्या आणि आमटी, मधे भाताची मूद, त्यावर वरण आणि शेवटी तूप. तूप पडल्याशिवाय हात लावायचा नाही. यातही कारण आहे. चाखण्यापुरतं खायचं ते डावीकडे, वारंवार हात जाणारं ते उजवीकडे. तूप शेवटी पडतं म्हणून सगळे एकदम सुरू करतात आणि पहिल्याचं पान संपेपर्यंत शेवटचा उपाशी राहत नाही.

तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या जेवणाला हा नकाशा जसाच्या तसा चालत नाही. इथं मुख्य पदार्थ पातळ आहे, तो पुन्हा पुन्हा वाढायचा आहे आणि गरमच वाढायचा आहे. त्याची स्वतःची रीत आहे आणि ती लिहून ठेवण्यासारखी आहे.

सुरुवात आवतणापासून. चूलबंद आवतण आहे की एकट्याचं, हे शब्दांत स्पष्ट सांगा. ‘या की सगळे’ हे चूलबंद नव्हे. त्यातून कुणी दोघं येतात, कुणी सहा. चूलबंद म्हणजे त्या घरात त्या वेळी चूल पेटणार नाही, मग माणसं मोजूनच घ्यायची. वार विचारायचा. सोमवार, गुरुवार, शनिवार बऱ्याच घरांत चालत नाही, कुणाकडे अंबाबाईचा मंगळवार किंवा शुक्रवार, आणि जोतिबाचा रविवार पाळणारी घरंही आहेत. सगळ्यांना चालतो म्हणून रविवार परस्पर ठरवू नये. वेळ सांगताना येण्याची नव्हे, ताटाची सांगायची. ‘आठला या’ म्हटलं की माणसं पावणेनऊला येतात. ‘साडेआठला ताटं वाढतोय’ म्हटलं की सव्वाआठला चपला दारात असतात. भाकरीचा तवा याच वेळेवर चढणार आहे, म्हणून हा हट्ट.

आता हिशेब. समजा पाहुणे बारा. तवा, रस्सा आणि पाणी सांभाळणारी घरची माणसं तीन. हिशेब पंधराचा धरायचा, बाराचा नाही. शेवटी कमी पडतं ते जवळजवळ नेहमी याच चुकीनं.

हाडासकट मटण माणशी २२५ ते २५० ग्रॅम, म्हणजे साडेतीन किलो. खाटकाला नळ्या, म्हणजे आत मगज असलेली पोकळ हाडं, वेगळ्या काढून द्यायला सांगा, त्याचं कारण पुढे येईल. दीडशे मिलीची वाटी पाऊण भरली तर रस्सा सव्वाशेच्या आत बसतो. पांढऱ्याच्या दोन आणि तांबड्याच्या अडीच वाट्या धरल्या की पांढरा पावणेचार लिटर, तांबडा साडेचार लिटर लागतो. त्यासाठी अळणी पाणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, साडेसहा लिटर हवं, म्हणून शिजवताना साडेसात लिटर पाणी. ते एकदम ओतायचं नाही. मटण आलं-लसूण-मीठ लावून परतायचं, पातेल्याच्या झाकणात पाणी ठेवायचं आणि तेच तापलेलं पाणी टप्प्याटप्प्यानं आत सोडायचं. गार पाणी घातलं की मटण आखडतं आणि शिजायला वेळ खातं. हळद इथं अगदी चिमूटभर, किंवा नाहीच. साडेतीन किलोला दोन चमचे हळद गेली की पांढरा रस्सा पिवळा होतो आणि मग काजू कितीही वाटा, रंग परत येत नाही. सुक्क्यात हळद नंतर घालता येते.

पांढऱ्यासाठी अडीच लिटर अळणी, चार नारळांचं दूध सुमारे एक लिटर, काजू शंभर ग्रॅम, खसखस आणि पांढरे तीळ पन्नास-पन्नास ग्रॅम. खसखस गरम पाण्यात किमान तासभर भिजलेली हवी, नाहीतर दाताखाली कचकचते. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळलं की रस्सा फुटतो, तेल वर आणि पाणी खाली. म्हणून पांढरा सगळ्यात शेवटी करायचा, पाहुणे दारात आल्यावर, आणि पहिली वाफ दिसली की उतरवायचा. गरम ठेवायला मोठ्या पातेल्यात कढत पाणी घेऊन त्यात हे पातेलं बसवा. काजू-खसखशीमुळे तो बसून घट्ट होत जातो. त्यासाठी अर्धा लिटर अळणी बाजूला गरम ठेवायचं. साधं पाणी घालून सैल केलेला पांढरा पहिल्या भुरक्यालाच कळतो.

तांबड्याला ही नाजूक काळजी नाही. त्याचं वाटण आदल्या दिवशी करा, रस्सा दुपारी करा, उकळू द्या, तो सुधारतच जातो. मात्र तिखट सोसणार नाही असा पाहुणा आहे म्हणून अख्खं पातेलं मिळमिळीत करू नये. त्याला पांढरा जास्त आणि तांबडा कटाशिवाय वाढावा.

भाकऱ्या माणशी दोन, म्हणजे तीस, जोंधळ्याचं पीठ पावणेतीन किलो. एका तव्यावर एक भाकरी उतरायला तीन मिनिटं धरली तर दीड तास होतो. दोन तवे लागतील आणि थापायला दोन हातही. पंधरा भाकऱ्या आधी करून दुरडीत कापडाखाली, पुढच्या नऊ जेवण चालू असताना, घरच्यांच्या सहा शेवटी. सगळ्या आधी केल्या की शेवटच्या वाकत नाहीत, मोडतात. तांदूळ नऊशे ग्रॅम. आजरा घनसाळ मिळाला तर तो, त्याचा वास पांढऱ्या रश्शाबरोबर जमतो. दही-कांद्यात मीठ ताटं मांडतानाच घालायचं. अर्धा तास आधी घातलं की कांद्याला पाणी सुटतं आणि ताटभर पसरतं.

ताट काठाचं हवं. पाहुणा भाकरी कुस्करून त्यावर रस्सा ओतणार आहे, सपाट प्लेट दिली तर तो संकोचानं कुस्करणारच नाही आणि वाटीत बुडवून खात बसेल. ही सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक. बसायला माणशी दोन फूट जागा. परदेशी पुस्तकंही टेबलासाठी एवढीच, चोवीस इंच, सांगतात. खांदे सगळीकडे सारखेच. समोरासमोर सहा-सहाच्या ओळी असतील तर दोन्ही ओळींच्या ताटांमधे तीन फूट मोकळे, वाढपी वाकून वळू शकला पाहिजे. गुडघे दुखणाऱ्यांना विचारत बसू नका, टेबलावर दोन ताटं आधीच मांडून ठेवा आणि तिथं घरचंही एक माणूस बसवा, म्हणजे त्यांना वेगळं काढल्यासारखं वाटत नाही.

ताटात डावीकडे लिंबाची फोड, खर्डा, दही-कांदा. मधे भाकरी. उजवीकडे सुक्कं, त्याच्या वर दोन वाट्या, आतली पांढऱ्याची, बाहेरची तांबड्याची. तांबडा जास्त वेळा घेतला जातो, तो वाढप्याच्या जवळ हवा. सुक्कं आधी वाढून ठेवलं तर चालतं. वाट्या मात्र माणसं बसल्यावरच भरायच्या.

वाढपी दोन. एकाकडे सुक्कं आणि दोन्ही रस्से, दुसऱ्याकडे भाकरी, भात, दही-कांदा आणि पाणी. पहिली फेरी पांढऱ्याची, मग तांबड्याची, आणि दोन्हींची वगराळी वेगळी. तांबड्याचं वगराळं एकदा जरी पांढऱ्यात बुडलं तरी पातेलं गुलाबी होतं. तांबडा दर वेळी तळापासून ढवळून घ्यायचा. वरवर काढत गेलं की पहिल्या चौघांना सगळा कट आणि शेवटच्यांना मसाल्याचं पाणी. कुणाला कट हवा, कुणाला नको, हे पहिल्या फेरीत एकदा विचारून लक्षात ठेवायचं, दर फेरीला विचारायचं नाही. चांगला वाढपी तोच, ज्याच्याकडे पाहुण्याला मागावं लागत नाही. वाटी अर्धी झाली की तो समोर येतो. भाकरीचा शेवटचा चतकोर उरला की दुसरी येते, ताट मोकळं झाल्यावर नाही, कारण रिकाम्या ताटापुढे बसलेला माणूस ‘झालं माझं’ म्हणून मोकळा होतो.

आग्रहाबद्दल माझं मत ठाम आहे. रश्शाचा आग्रह दोनदा करावा, मटणाचा एकदाच. रस्सा नको झाला तर वाटीत राहतो आणि वाटी उचलता येते. ताटात पडलेलं मटण पाहुण्याला संपवावं लागतं, आणि संपवलं की वाढप्याला वाटतं अजून हवंय. ताटावर आडवा हात आला की थांबायचं. त्या हाताखालून वाढणं हा पाहुणचार नाही.

नळीचा मान ठरलेला असतो. जावई, व्याही, घरातलं वयानं मोठं माणूस, मग मुलं. साडेतीन किलोत नळ्या मोजक्याच निघतात, म्हणून आधी मोजा आणि कुणाच्या ताटात जाणार ते वाढप्याला कानात सांगून ठेवा. सोबत एक छोटी रिकामी ताटली द्या, हाडं टाकायला. ती नसली की हाडं दही-कांद्याशेजारी साठतात.

मटण न खाणारे असतील तर त्यांचा अख्खा मसूर किंवा भाजीचा तांबडा-पांढरा वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळीनं, आणि त्यांना आधी वाढायचं. ‘यांना काय आहे बघा’ असं पंगतीत मोठ्यानं म्हणायचं नाही.

भात आला की पाण्याचे तांबे पुन्हा भरा. शेवटी हात धुवायला कोमट पाणी आणि लिंबाची फोड. गार पाण्यानं कटाचा तेलकटपणा जात नाही. हात धुवायचं तस्त फिरवायचं असेल तर मोठ्या माणसांपासून. मग विडा.

राहिली घरची तीन माणसं. त्यांना मागच्या पंगतीत उरलंसुरलं देण्याची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि पाहुणचाराच्या पुस्तकांनी त्यावर फार थोडं लिहिलंय. उपाय सोपा आहे. पहिलं ताट वाढण्याआधी तिघांचं सुक्कं डब्यात काढायचं, पांढरा पाऊण लिटर आणि तांबडा लिटरभर वेगळ्या पातेल्यांत झाकून ठेवायचा आणि कितीही कमी पडलं तरी त्याला हात लावायचा नाही. शेवटच्या सहा भाकऱ्यांचं पीठ मळायचंच नाही, पाहुणे उठल्यावर मळायचं. तवा तेव्हा पाहुण्यांपैकी कुणी घेतला तर घेऊ द्यावा. आणि त्या डब्यात एक नळी आधीच घालून ठेवायची, संध्याकाळभर भाकऱ्या थापणारीच्या नावाची.