हेच का ते खाशाबांचं स्टेडियम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही. खाशाबा जाधवांनी ऑलिम्पिक पदक जिंकलं ते हे स्टेडियम नव्हे.

हेलसिंकीत राहायला आल्यापासून हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल, देव जाणे. त्यात माझं माहेर कराडचं, म्हणजे बोलायलाच नको. घरी कुणी आलं की मी त्यांना ऑलिम्पिक स्टेडियम दाखवायला नेते. पांढऱ्याशुभ्र मनोऱ्याखाली फोटो काढून होतात आणि मग एखादे काका एकदम गहिवरून म्हणतात, "म्हणजे आपल्या गोळेश्वरच्या पैलवानानं इथंच कुस्ती मारली!" अशा वेळी खरं सांगणं जिवावर येतं. पण खरी जागा पाच मिनिटांवर आहे आणि ती बघायची राहिली तर आयुष्यभर चुटपूट लागेल, म्हणून मी सांगून टाकते.

१९५२च्या ऑलिम्पिकमधल्या कुस्त्या झाल्या मेस्सुहाल्लीत. मुळात हे प्रदर्शनं भरवण्यासाठी १९३५ साली बांधलेलं सभागृह. मुष्टियुद्ध, वजन उचलणं, जिम्नॅस्टिक्स हेही तिथंच झालं. लाल मातीत वाढलेले खाशाबा तिथं गादीवर उतरले, ५७ किलो वजनी गटात, फ्रीस्टाइल प्रकारात. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवलं. ज्या दोघांकडून ते हरले त्यांपैकी जपानच्या शोहाची इशिईनं सुवर्ण नेलं आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवनं रौप्य. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमानं मिळायला हवी ती विश्रांती त्यांना मिळालीच नाही, असं आमच्या कराडकडे आजही पोटतिडकीनं सांगतात. तारीख होती २३ जुलै. खाशाबांचं ते कांस्य म्हणजे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. हे सगळं तुम्हाला ठाऊक असणारच. आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. फक्त जागेचा घोळ होतो.

तो घोळ निव्वळ खाशाबांपुरताही नाही. त्या वर्षी भारताला दोन पदकं मिळाली आणि दोन्ही या स्टेडियमच्या बाहेर. हॉकीचं सुवर्ण क्याप्युला भागातल्या वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानात. अंतिम सामन्यात हॉलंडवर ६-१ असा विजय आणि त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. फुटबॉलमध्ये युगोस्लाव्हियानं आपल्याला १०-१ असं धुतलं, तेही शेजारच्या मैदानावर. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. फिनलंडच्या थंड, ओल्या गवतावर अनवाणी! इथला जुलै कसा असतो हे मी अंगावर काढलंय, त्यामुळे त्या दहा गोलांबद्दल मी त्यांना कधीच माफ करून टाकलंय.

मग खुद्द स्टेडियममध्ये आपलं कोण होतं? वांद्र्याची मेरी डिसूझा. ती आणि बंगालची नीलिमा घोष या इथल्या ट्रॅकवर धावल्या. स्वतंत्र भारताकडून ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या महिलांपैकी या दोघी. पहिल्या फेरीतच बाहेर पडल्या, पण धावल्या. आणि मुंबईचाच लेवी पिंटो, जो १०० मीटरमध्ये उपांत्य फेरीपर्यंत पोचला. त्या काळी ही केवढी मोठी गोष्ट होती! पाहुण्यांना मी ही नावं सांगते तेव्हा चेहरे कोरेच राहतात. कांस्यपदकाची मिरवणूक लक्षात राहते, उपांत्य फेरीची कुठली राहायला.

आता स्टेडियमविषयी. कारण "हे नव्हे" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग यात एवढं बघण्यासारखं काय आहे?"

हे स्टेडियम १९५२साठी बांधलंच नव्हतं. बांधकाम सुरू झालं १९३४ मध्ये आणि उद्घाटन झालं जून १९३८ मध्ये. युर्यो लिंडेग्रेन आणि तोइवो यांत्ती हे त्याचे वास्तुरचनाकार. नक्षी नाही, खांबांचा थाट नाही; सरळ रेषा, पांढऱ्या भिंती आणि बाजूला काठीसारखा उभा मनोरा. १९४०चं ऑलिम्पिक टोकियोला मिळालं होतं. चीनशी युद्ध पेटल्यावर जपाननं ते १९३८ मध्ये सोडून दिलं आणि यजमानपद हेलसिंकीकडे आलं. शहर हरखून गेलं, तयारी जोरात सुरू झाली. आणि ३० नोव्हेंबर १९३९ला सोव्हिएत फौजा फिनलंडवर चालून आल्या. ऑलिम्पिक रद्द. मांडव घालून तयार आणि लग्नच मोडलं, अशी गत झाली. त्या मांडवात लग्न लागायला पुढं बारा वर्षं गेली. मधल्या काळात या देशानं सोव्हिएत संघाशी दोन युद्धं केली, करेलिया प्रांत गमावला, तिथून उठून आलेल्या चार लाखांवर लोकांना घरं दिली आणि सोव्हिएत संघाला युद्धाची भरपाई फेडली. तिचा शेवटचा हप्ता गेला सप्टेंबर १९५२ मध्ये, म्हणजे ऑलिम्पिक उरकल्यावर महिना-दीड महिन्यानं. इथली म्हातारी माणसं ते ऑलिम्पिक एवढं जिवापाड का जपतात, ते हा हिशोब कळल्यावर कळतं.

मनोऱ्याची उंची ७२.७१ मीटर आहे. हा आकडा असा विचित्र का? १९३२च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फिनलंडच्या मात्ती यार्विनेननं भाला फेकून सुवर्ण जिंकलं, ती फेक ७२.७१ मीटरची. जमिनीवर आडवं मोजलेलं अंतर यांनी उभं करून ठेवलं! या देशाला भाल्याचं वेडच आहे. परवा एका पाहुण्यानं हिशोब केला की नीरज चोप्रानं २०२५ मध्ये दोहाला ९०.२३ मीटर फेकला, तेव्हा त्याचा मनोरा बांधला तर तो याच्या डोक्यावरून सतरा मीटर वर जाईल. त्याच्या गावच्या पानिपतकरांनी मनावर घ्यायला हरकत नाही.

पण या इमारतीच्या सुरुवातीलाच एक डागही आहे, तो मी कुणाला सांगायचा टाळत नाही. उद्घाटनाच्या महिन्यातच झालेल्या १०० मीटरच्या शर्यतीत आब्राहाम टोकाझियर हा ज्यू धावपटू पहिला आला. हे सगळ्यांना दिसलं, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोही छापून आला. पंचांनी मात्र त्याला चौथा ठरवलं. साल १९३८, युरोपात वारं कुठून वाहत होतं हे सांगायला नको. फिनलंडच्या ॲथलेटिक्स संघटनेनं तो निकाल दुरुस्त केला २०१३ मध्ये. पंचाहत्तर वर्षांनी! तोवर टोकाझियर हयातही नव्हता.

आणि १९ जुलै १९५२. उद्घाटनाच्या दिवशी पाऊस कोसळत होता. लाकडी बाकांची भर घालून स्टेडियमची क्षमता सत्तर हजारांच्या घरात नेली होती आणि सगळे लोक भिजत बसले होते. ज्योत कोण आणणार हे गुपित ठेवलेलं. दारातून एक टकला, सडपातळ माणूस धावत आत आला, वय ५५, आणि त्याची ती चाल बघूनच लोकांनी ओळखलं: पावो नुर्मी. नऊ ऑलिम्पिक सुवर्णांचा मानकरी. रांगेत शिस्तीनं उभे असलेले देशोदेशीचे खेळाडू रांगा मोडून ट्रॅककडे पळाले. यातली खरी गंमत वेगळीच आहे. याच नुर्मीला पैसे घेऊन धावतो म्हणून व्यावसायिक ठरवून १९३२च्या ऑलिम्पिकला मज्जाव केला होता. फिनलंडनं वीस वर्षांनी त्याच्याच हातात ज्योत दिली, तीही आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या डोळ्यांदेखत. न बोलता केलेला हा हिशोब मला फार आवडतो. खाली नुर्मीनं ज्योत पेटवली आणि वर मनोऱ्यावर हान्नेस कोलेहमाइनेननं; तो नुर्मीच्याही आधीच्या पिढीचा धावपटू.

नुर्मीचा पुतळा स्टेडियमसमोर आहे. वेइनो आल्तोनेनचं शिल्प, धावण्याच्या ऐन झेपेत. आणि पूर्ण नग्न. पाहुण्यांत सासवा असतील तर इथं फोटोची मोठी पंचाईत होते. माझ्या मावससासूबाईंनी तोडगा काढला: त्या बरोब्बर अशा जागी उभ्या राहिल्या की त्यांच्या छत्रीनं काम भागलं.

झाटोपेकची गोष्ट वाचली असेलच. चेकोस्लोव्हाकियाच्या या माणसानं एकाच आठवड्यात ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णं इथं जिंकली; मॅरेथॉन तर आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. ज्या दिवशी त्यानं ५,००० जिंकली त्याच दिवशी त्याच्या बायकोनं, दानानं, भालाफेकीचं सुवर्ण घेतलं. पुन्हा भाला!

पुढं काय झालं याचं उत्तर लांबलचक आहे. १९५७ मध्ये बँडी या बर्फावरच्या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा इथं भरली. १९७० मध्ये रोलिंग स्टोन्स वाजवून गेले. १९८३ मध्ये ॲथलेटिक्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि तीना लिल्लाकनं अगदी शेवटच्या फेकीत ७०.८२ मीटरवर भाला टाकून सुवर्ण काढलं. त्या फेकीनंतर ती हात पसरून जी धावत सुटली, ती दृश्यं इथं अजूनही टीव्हीवर लागतात. २००५ला जागतिक स्पर्धा पुन्हा आली, तेव्हाही पाऊस. आपली अंजू बॉबी जॉर्ज लांब उडीत पाचवी आली. २००७ मध्ये बेल्जियमविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात एक भलंमोठं घुबड मैदानात उतरलं. या गोलखांबावरून त्या गोलखांबावर जाऊन बसलं, खेळ थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, फिनलंड जिंकलं. तेव्हापासून इथल्या राष्ट्रीय संघाचं टोपणनावच घुबडं. आपल्याकडे सामन्याच्या वेळी घुबड दिसलं असतं तर आधी लिंबू-मिरची शोधली असती! २०१२ मध्ये ब्रूस स्प्रिंगस्टीन चार तासांहून जास्त गायला, त्याची सगळ्यात लांबलेली मैफल हीच.

पण माझ्या लेखी या स्टेडियमचा सगळ्यात चांगला उपयोग यातला कुठलाच नव्हे. स्टेडियमच्या पोटात पुष्कळ वर्षं एक स्वस्त वसतिगृह होतं. पाठीवर बोचकं घेऊन हिंडणारी पोरं प्रेक्षकांच्या बाकांखालच्या खोल्यांत झोपायची. मनोऱ्यावर लिफ्टनं कुणीही जावं, क्रीडा संग्रहालय बघावं, शाळांच्या स्पर्धा भराव्यात. अंतिम सामन्याच्या एका दिवसावर वास्तू जगत नाही. बाकीच्या ३६४ दिवसांचं काय, यावर ती जगते.

२०१६ ते २०२० ती पूर्ण बंद होती. जमिनीखाली नवे मजले खोदले, सगळ्या प्रेक्षकांच्या डोक्यावर छप्पर आलं, क्षमता ३६ हजारांच्या आसपास आली आणि खर्च गेला सुमारे ३३ कोटी ७० लाख युरोंवर. मूळ अंदाज त्याहून पुष्कळ कमी होता, त्यामुळे इथंही ओरड झालीच. खर्च फुगण्याचा मक्ता काही आपलाच नाही. ऑगस्ट २०२० मध्ये दारं उघडली ती नेमकी करोनाच्या काळात. मला विचाराल तर पैसे वाया गेले नाहीत. बाहेरून तोच १९३८चा पांढरा चेहरा राहिला आणि नवीन जे काही आहे ते बहुतेक जमिनीखाली गेलंय. ऐतिहासिक मैदान पाडून तिथं काचेचा डबा उभा करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आणि मेस्सुहाल्ली? प्रदर्शनं १९७५ मध्ये पासिला भागात हलली, आणि आता त्या इमारतीचं नाव किसाहाल्ली. ती महापालिकेची व्यायामशाळा आहे. जिथं गादीवर इशिई आणि खाशाबा भिडले, त्या छताखाली संध्याकाळी ऑफिस सुटलेली माणसं बॅडमिंटन खेळतात, पोरं बास्केटबॉल आपटतात, आज्जीबाई योगासनं करतात. कराडचे पाहुणे आत शिरले की आधी थोडे खट्टू होतात. त्यांच्या मनात कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानासारखं काहीतरी भव्य असतं. मग एखादा भिंतीला हात लावून बघतो.

तर तुम्ही याल तेव्हा असं करा. मानरहाइम रस्त्यावरून ट्रामनं या, मनोरा लांबूनच दिसतो. हवा स्वच्छ असेल तरच मनोऱ्याचं तिकीट काढा, ढग असतील तर वरून नुसता कापूस दिसतो. तिथून चालत किसाहाल्लीला जा. बुटांना माती असेल तर दारातच पुसा, कारण तिथल्या चकचकीत लाकडी जमिनीवर डाग पडला की कामावरची बाई कुणाचीही भीड ठेवत नाही, मग तुम्ही खाशाबांच्या गावचे का असेना.