क्रूझचे एक-स्टारवाले रिव्ह्यू

आजचा सगळा रविवार मुंबई-गोवा क्रूझचे वाईट रिव्ह्यू चाळण्यात गेला. निम्मे तर बिनकामाचे. 'जहाज फार हललं', बरं, पण कुठल्या महिन्यात? मे अखेरचा अरबी समुद्र आणि जानेवारीतला, दोन्ही एक नव्हेत. आणि खोली कुठली होती? जहाजाच्या टोकाला, वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त बसतो. मधोमध, खालच्या डेकवर सगळ्यात कमी. 'रात्रभर खुर्च्या सरकवल्याचा आवाज' म्हणजे बहुतेक वेळा खोली पोहण्याच्या तलावाच्या डेकखाली. त्यात जहाजाचा दोष नाही, डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, न बघता सगळ्यात स्वस्त खोली घेतली की हेच होतं. आपल्या खोलीच्या वर आणि खाली दोन्हीकडे दुसऱ्या खोल्याच असाव्यात.

'बंदर रद्द केलं, फसवणूक!' हवामानामुळे बंदर बदलायची मुभा कंपनीने अटींमध्ये आधीच घेतलेली असते. वाचा एकदा.

घाबरायचं ते वेगळ्या तक्रारींना. लागोपाठच्या चार-पाच फेऱ्यांत, वेगवेगळ्या लोकांनी, एसी किंवा संडासाच्या वासाबद्दल लिहिलं असेल तर खरं माना. जेवणानंतर उलट्या-जुलाब, तेही तसंच. दोन-तीन स्टारवाले लोक जास्त नेमकं लिहितात, आधी ते वाचावेत.

अमेरिकेतल्या मंडळींना एक सोय आहे. तिथली सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रणाची सरकारी संस्था, जहाजांच्या स्वच्छतेला 100 पैकी गुण देते. 85 किंवा कमी म्हणजे नापास. जहाजाचं नाव टाकलं की तपासणीचा अहवाल दिसतो.