किट कारचे वायरिंग : छाटलेला हार्नेस आणि करंटची परतीची वाट

गेल्या नोंदीच्या वेळी माझ्या किट कारच्या, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बांधायच्या गाडीच्या, चासीवर इंजिन आणि गिअरबॉक्स बसले होते आणि डोनर गाडीतून (जिचे भाग वापरतो त्या जुन्या गाडीतून) उतरवलेला वायरिंग हार्नेस, म्हणजे सगळ्या तारांचा एकत्र बांधलेला जुडगा, कोपऱ्यात गुंडाळून ठेवला होता. त्यानंतरचे सहा आठवडे त्याच हार्नेसवर गेले. नवा हार्नेस पहिल्या तारेपासून स्वतः बांधावा, असे मला सुरुवातीला वाटत होते. परंतु इंजिन, ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि इमोबिलायझर (योग्य चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) हे तिन्ही एकाच गाडीतले असल्यामुळे त्यांना जोडणाऱ्या तारा आणि कारखान्यात बसवलेले जलरोधक कनेक्टर टाकून देणे मला पटले नाही, म्हणून जुनाच हार्नेस छाटून वापरायचे ठरवले.

छाटणीचा नियम पहिल्याच दिवशी कागदावर लिहून समोर लावला. तारेची दोन्ही टोके ओळखल्याशिवाय ती काढायची नाही आणि मध्येच तर कधीच कापायची नाही. हार्नेस जमिनीवर चासीच्या आकारात पसरला, प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधली, जुनी टेप सोलली, आणि मागच्या काचेचा हीटर, मागचा वायपर, सेंट्रल लॉकिंग, दारांच्या काचांच्या मोटारी असे जे जे या गाडीत असणार नाही त्याच्या तारा कनेक्टरमधून पिन सोडवून एकेक बाहेर ओढल्या. मध्येच कापण्यातला धोका असा की कारखान्याच्या हार्नेसमध्ये टेपखाली जागोजागी सांधे दडलेले असतात. दारांच्या मोटारींची म्हणून मी मोकळी करत आणलेली एक जाड तार अर्ध्या वाटेवर एका चपट्या, चकचकीत सांध्यात शिरलेली दिसली. त्या सांध्यातून पाच तारा फुटत होत्या आणि त्यांतली एक थेट फ्युएल पंपाच्या रिलेकडे (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे) जात होती. ती जाड तार फ्यूज बॉक्सजवळ कापली असती तर पंपाचा पुरवठा तुटला असता, आणि पुन्हा टेप गुंडाळून झाल्यावर त्याचे कारण शोधणे फार जिकिरीचे झाले असते.

ओळख पटवण्यासाठी सर्किट डायग्राममधले टर्मिनल क्रमांक पाठ करून ठेवण्याचा फार उपयोग झाला. डीआयएन 72552 या जर्मन मानकानुसार 30 म्हणजे बॅटरीचा कायमचा पॉझिटिव्ह, 15 म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा, 50 म्हणजे स्टार्टरचा आदेश आणि 31 म्हणजे अर्थिंग, अर्थात करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतण्याची वाट. ब्रेक पेडलच्या स्विचची ईसीयूकडे जाणारी तार आणि वेगाच्या सेन्सरची तार या दोन्ही प्रथमदर्शनी अनावश्यक वाटतात, पण त्या काढू नयेत, कारण ईसीयू त्यांचा सिग्नल वापरत असतो. क्रँक सेन्सरच्या (इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या सेन्सरच्या) तारांभोवतीचे शील्ड, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे धातूचे वेष्टणही मी जसेच्या तसे ठेवले आणि मूळ रचनेप्रमाणे त्याचे एकच टोक अर्थिंगला जोडलेले राहू दिले. सगळे संपल्यावर हार्नेसची जाडी निम्म्यावर आली होती.

पहिल्यांदा करंट सोडताना बॅटरीच्या पॉझिटिव्ह तारेत 21 वॅटचा एक साधा बल्ब सिरीजमध्ये लावला होता. कुठे शॉर्ट असेल तर तार जळण्याऐवजी तो बल्ब पूर्ण तेजाने पेटतो आणि त्यातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ शकतो. बल्ब काळाच राहिला. मग तो काढून टाकला, फ्यूज बसवले आणि एकेक सर्किट तपासायला घेतले. त्यातच या नोंदीचा मुख्य विषय समोर आला.

ब्रेक दाबला की डाव्या बाजूचा ब्रेक लाइट मंद पेटे, आणि त्याच क्षणी पुढचा डावा इंडिकेटरही तांबूस उजळे. उजवी बाजू व्यवस्थित होती. दोन संध्याकाळी मी स्विच, फ्यूज आणि इंडिकेटरचा फ्लॅशर यांच्याकडेच पाहत राहिलो, कारण छाटणी करताना करंट दिव्यापर्यंत कसा पोहोचेल एवढाच विचार डोक्यात होता. शेवटी मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी डाव्या दिव्याच्या अर्थिंगच्या तारेला लावून ब्रेक दाबला, तर मीटरने 5.8 व्होल्ट दाखवले. तिथे शून्याच्या जवळपास आकडा यायला हवा होता. परतीची वाट अडलेली असल्यामुळे ब्रेकच्या फिलामेंटमधून आलेला करंट त्याच दिव्यातल्या इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरून, इंडिकेटरच्या तारेने पुढे जाऊन, पुढच्या बल्बमधून अर्थिंगला मिळत होता.

कारखान्यात बनलेल्या गाडीत पत्र्याची सगळी बॉडीच परतीची तार असते, त्यामुळे दिव्याची अर्थिंगची तार जवळच्या पत्र्याला एका स्क्रूने जोडली की काम होते. आपल्या गाड्यांची बॉडी मात्र फायबरची, म्हणजे वीज मुळीच न वाहणारी. मी ती तार मागच्या चासी ट्यूबला बोल्टने आवळली होती, पण ट्यूबवर पावडर कोटिंग, म्हणजे वीज न वाहणारा रंगाचा जाड थर, होते. बोल्ट खोलून टॉर्च धरली तेव्हा कोटिंगवर वॉशरची गोल छाप उमटलेली दिसली आणि फक्त भोकाच्या काठावर, आट्यांनी रंग खरवडला होता तिथे, नखाच्या टोकाएवढे लोखंड उघडे होते. सगळा करंट तेवढ्याच जागेतून परतत होता. उजवीकडे दैवयोगाने रंग अधिक खरवडला गेला होता, म्हणून ती बाजू ठीक भासत होती.

रंग घासून, दातेरी वॉशर घालून ते काम भागले असते, पण पाणी आणि चिखल उडणाऱ्या जागी उघडे लोखंड ठेवणे मला मान्य नव्हते. म्हणून मागच्या सर्व दिव्यांसाठी आणि फ्युएल पंपासाठी 2 चौरस मिलिमीटरच्या दोन स्वतंत्र परतीच्या तारा, दिव्यांची वेगळी आणि पंपाची वेगळी, पुढे बॅटरीजवळच्या एका तांब्याच्या स्टडपर्यंत आणल्या. त्या स्टडवरून बॅटरीच्या निगेटिव्हला आणि चासीला जाड केबल दिली, आणि इंजिनच्या ब्लॉकला वेगळी विणलेली पट्टी जोडली. इंजिन रबरी माउंटवर बसलेले असल्यामुळे ती पट्टी विसरली तर स्टार्टरचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढू पाहतो आणि ती केबल तापून खराब होते. या बदलानंतर दोन्ही ब्रेक लाइट चालू असताना परतीच्या तारेवर 0.09 व्होल्ट मोजले गेले आणि पुढचा इंडिकेटर पूर्ण काळा राहिला.

त्याच मोजणीची सवय लागल्यामुळे हेडलाइटही तपासले. मूळ रचनेत त्यांचा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येत होता, आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.6 व्होल्ट असताना बल्बवर 11.9 व्होल्टच पोहोचत होते. फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीनव्या घाताने बदलतो, त्यामुळे एवढ्या घटीने प्रकाश जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. पुढच्या बाजूला फ्यूजसह दोन रिले बसवले, 55 आणि 60 वॅटच्या फिलामेंटना जाड तारेने थेट पुरवठा दिला आणि जुन्या स्विचकडे फक्त रिलेची कॉइल ओढण्याचे काम ठेवले. आता बल्बवर 13.2 व्होल्ट मिळतात.

बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची अडचण लहान होती, पण नव्या डॅशबोर्डचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी. चार्जिंगच्या इशाऱ्याच्या बल्बऐवजी मी एलईडी लावला आणि इंजिन सुरू झाल्यावर अल्टरनेटर चार्जच करेना. तो छोटा बल्ब केवळ इशारा देत नाही, अल्टरनेटरच्या फील्डला (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या गुंडाळीला) सुरुवातीचा करंटही त्याच्यातूनच मिळतो, आणि एलईडीतून तो पुरेसा जात नाही. एलईडीला समांतर 56 ओहमचा 5 वॅटचा रेझिस्टर जोडला, म्हणजे सुमारे 0.2 अँपिअरची सोय झाली, आणि चार्जिंग आयडलिंगलाच सुरू झाले.

नवे सर्व जोड मी क्रिम्प केले आहेत, म्हणजे धातूचे टर्मिनल तारेवर दाबून बसवले आहे. सोल्डर तारेच्या पीळात आत झिरपून तिला कडक करते आणि कडक भाग संपतो तिथे कंपनांनी तार तुटते, म्हणून ते टाळले. टर्मिनलचे पुढचे पंख तांब्यावर आणि मागचे पंख आवरणावर वळले आहेत का, हे प्रत्येक जोडावर भिंगातून पाहतो आणि मग गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवतो.

हार्नेस अजून अंतिम टेपमध्ये गुंडाळलेला नाही. दर हातभर अंतरावर तात्पुरते बंध दिले आहेत, कारण बॉडी चढवल्यावर डॅशबोर्डच्या कनेक्टरपाशी दोन-तीन तारा लांबीला कमी पडतील असा माझा अंदाज आहे. पुढच्या आठवड्यात बॉडी चासीवर ठेवून ती लांबी मोजणार आहे आणि मागच्या परतीच्या तारांची मोजणी इंजिन चालू ठेवून, सर्व दिवे आणि पंप एकाच वेळी लावून पुन्हा घेणार आहे.